खाडीकाठच्या विहिरीपासून अनुदानापर्यंत: सेन्सर आणि मेंब्रेनवरचं संशोधन छोट्या उद्योगाने कसं उभं करावं

कोकणात सेन्सर किंवा मेंब्रेनवर (म्हणजे पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यावर) काही नवं करू पाहणाऱ्या वर्कशॉपवाल्याची किंवा नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या इंजिनिअरची गाडी अनुदानाच्या अर्जावर अडते असं वाटतं. बहुतेकदा ती त्याच्या आधीच अडलेली असते. अर्जातला पहिला प्रश्न असतो, अडचण नेमकी काय आहे? तिथे 'किनारपट्टीवर उन्हाळ्यात पाणी खारं होतं' एवढं लिहून भागत नाही. किती खारं, कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, भरतीला की ओहोटीला? हे आकडे ज्याच्याकडे आहेत त्याचा अर्ज निवड करणारं पॅनेल वेगळ्या नजरेने वाचतं. म्हणून सरकारी पैशाच्या आधी स्वतःचे थोडे पैसे आणि एक उन्हाळा घालायची तयारी हवी.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर धरून लिहिलं आहे: खाडीकाठची, फेब्रुवारीनंतर मचूळ होणारी विहीर. कोळंबीची तळी किंवा बोंडूचा (काजूच्या फळाचा) रस हा तुमचा विषय असेल, तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

आधी विहीर मोजा

वाहकता म्हणजे ईसी (पाणी जितकं खारं तितकी ती जास्त) दाखवणारा खिशात मावणारा मीटर घ्या, पण २० मिलीसीमेन्सपर्यंत मोजणारा. आरओ दुरुस्तीवाले वापरतात तो पेनासारखा टीडीएस (विरघळलेले क्षार दाखवणारा) मीटर इथे कामाचा नाही. मीटर तपासायला पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण घरीच करता येतं: १०५ अंशांवर सुकवलेलं ०.७४५५ ग्रॅम क्षार डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर करा. २५ अंश सेल्सिअसला ते १,४१३ मायक्रोसीमेन्स दाखवलं पाहिजे. दहापट घट्ट, म्हणजे ७.४५५ ग्रॅमचं द्रावण १२.८८ मिलीसीमेन्स दाखवतं. दोन्ही ठिकाणी मीटर बरोबर असेल तरच पुढे जा.

पाणी वरून बादलीने काढून मोजू नका. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं खाली बसतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीला जाळ्याचं शिसं बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, हव्या त्या खोलीवर सोडून बूच ओढा. पृष्ठभागाखाली एक फूट, मध्यावर आणि तळाच्या एक फूट वर असे तीन नमुने घ्यायचे. पंप चालू व्हायच्या आधी, पहाटे. पंप एकदा पाणी ढवळून गेला की थर मोडतात आणि मोजणी वाया जाते.

प्रत्येक नोंदीपुढे तिथी आणि भरतीची वेळ लिहा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब (चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा) किनाऱ्यावर अंदाजाला पुरतो. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, तेवढा फरक स्वतः पाहून धरा. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांतला फरक दिसला पाहिजे. तो दिसत नसेल, तर विहिरीतला खारटपणा कदाचित खाडीतून येतच नाही, आणि तुमची कल्पना दुसऱ्याच कारणावर उभी आहे. फेब्रुवारी ते जून, आठवड्यातून दोनदा, किमान तीन विहिरी. वहीच्या त्या पंधरा-वीस पानांचा आलेख हा तुमच्या अर्जाचा कणा.

या मोजणीत एक गंमत होऊ शकते. वरचा थर १,२०० मायक्रोसीमेन्स, तळ ६,००० आणि पंपाचा फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड) तळाला टेकलेला, असं निघालं तर व्हॉल्व्ह दोन मीटर वर उचलून पाहा. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. संशोधनाची गरज संपली, हरकत नाही. निदान दीड वर्ष वाचलं.

कोणत्या दारात जायचं

छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठी सरकारने पैसा राखून ठेवायचा, ही पद्धत अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने रूढ झाली. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये एसबीआयआरआय ही योजना आणली, ती आता बायरॅक ही सरकारी संस्था चालवते. पण ती कल्पना सिद्ध झालेल्या कंपन्यांसाठी. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

हातात फक्त कल्पना आणि वही असेल तर निधी-प्रयास. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ही योजना हाताला लागेल अशा वस्तूचा नमुना करण्यासाठी १० लाखांपर्यंत देते. नुसतं मोबाइल ॲप चालत नाही. अर्ज दिल्लीला करायचा नसून प्रयास केंद्राकडे करायचा: पुण्यात पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, पवईला आयआयटीचं साइन. कंपनी नसलेली व्यक्तीही अर्ज करू शकते.

विषय मत्स्यशेती, अन्नप्रक्रिया, पाण्यातले जंतू अशा जैविक बाजूचा असेल तर बायरॅकची बिग योजना: ५० लाखांपर्यंत, १८ महिने, अर्ज जानेवारी आणि जुलैच्या पहिल्या तारखांना उघडतात. खाऱ्या विहिरीची कल्पना इथे ओढूनताणून बसवू नका. 'पाणी म्हणजे आरोग्य, आरोग्य म्हणजे जैवतंत्रज्ञान' ही साखळी पॅनेलने शंभरदा ऐकलेली असते. कोळंबीच्या तळ्यातला प्राणवायू मोजणारा सेन्सर मात्र इथे सहज बसतो.

स्टार्टअप इंडिया सीड फंड २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान इनक्युबेटरमार्फत (नव्या उद्योगांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत) मिळतं. अट लक्षात ठेवण्याजोगी: आधी दुसऱ्या सरकारी योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त रक्कम घेतलेली नसावी. म्हणजे प्रयासचे १० लाख घेऊन इकडे येता येतं. आधी बिगचे ५० लाख घेतले तर हे दार बंद. क्रम चुकला तर पैसे बुडतात ते इथेच. एमएसएमई मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह योजनेत मान्यताप्राप्त संस्थेमार्फत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मिळू शकतात. प्रत्येक फेरीच्या सूचनेत अटी थोड्या हलतात, म्हणून त्या फेरीचा कागद वाचूनच अर्ज भरा.

कागदपत्रांत अडखळणारी जागा एकच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक वर्कशॉपं एकट्याच्या मालकीची असतात. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर फुकट होते आणि अशा पेढीलाही मिळते, पण स्टार्टअप मान्यतेसाठी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदलेली भागीदारी लागते. चालू वर्कशॉप मोडून कंपनी करू नका. संशोधनासाठी वेगळी कंपनी काढा. जुन्या धंद्याची उलाढाल आणि जुनी कर्जं नव्या कागदावर येत नाहीत, आणि सीड फंडाची दोन वर्षांच्या वयाची मर्यादाही पाळता येते. कमिशनवर अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्याला ओसरीवरूनच निरोप द्या. पॅनेलसमोर बोलायचं तुम्हालाच असतं.

दीड वर्षात उन्हाळा किती वेळा येतो

अठरा महिन्यांचा प्रकल्प कागदावर मोठा दिसतो. कोकणात खाऱ्या पाण्याची चाचणी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतच होते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात विहीर गोडी झाली की संपलं. पैसे जानेवारीत आले तर पहिला उन्हाळा दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात येतो, तेव्हा तुमचं यंत्र ड्रॉइंगवर असतं. दुसरा उन्हाळा चौदाव्या ते सतराव्या महिन्यात, आणि त्यात काही बिघडलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. जुलैत आले तर एकच उन्हाळा, आठवा ते अकरावा महिना, पण नंतर सात महिने हातात. ऑक्टोबरात आले तर पाचव्या ते आठव्या महिन्यात कच्चा नमुना उतरवता येतो आणि अगदी शेवटी आणखी दीड-दोन महिने सुधारलेला.

माइलस्टोन लिहिताना हे पंचांग समोर ठेवा. 'सहाव्या महिन्यात मैदानी चाचणी' असं लिहिलं आणि सहावा महिना ऑगस्टचा निघाला, तर हप्ता अडकतो. पुढच्या हप्त्याचा निर्णय माइलस्टोनवर होतो, पावसावर नाही. पावसाळ्यासाठी टाकीतली चाचणी ठेवा: ५०० लिटरच्या टाकीत खाडीचं पाणी आणि विहिरीचं पाणी मिसळून हवी ती वाहकता तयार करायची. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण पावसात खाडीचं पाणी पातळ असतं, तेव्हा मोजूनच मिसळा. नुसतं मिठागराचं मीठ घालून केलेलं पाणी चालत नाही. त्यात कॅल्शियम आणि सल्फेट खऱ्या पाण्याच्या प्रमाणात नसतात, त्यामुळे मेंब्रेनवर क्षारांची खपली कशी धरते ते कळतच नाही.

अर्जातलं एक वाक्य

सगळा अर्ज एका वाक्यावर उभा असतो, आणि त्या वाक्यात क्रियापदापेक्षा आकडे जास्त असावेत. उदाहरणार्थ: 'लिटरला २,५०० मिलीग्रॅम क्षार असलेल्या विहिरीच्या पाण्यातून, ७ बार दाबाला, ३० टक्के रिकव्हरीने, ५०० मिलीग्रॅमच्या आत येणारं ताशी ४० लिटर पाणी ९० दिवस सलग.' रिकव्हरी म्हणजे आत घेतलेल्या पाण्यापैकी गोडं होऊन निघणारा वाटा. पाचशे हा आकडा हवेतून आलेला नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात क्षारांची स्वीकार्य मर्यादा तीच आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं.

मग हे शक्य आहे का, ते दोन ओळींत दाखवा. लिटरला १,००० मिलीग्रॅम क्षारामागे सुमारे ०.७५ बार ऑस्मोटिक दाब (क्षारांमुळे पंपाच्या उलट लागणारा) धरायचा. रिकव्हरीमुळे मेंब्रेनपाशी पाणी घट्ट होत जातं, म्हणून सरासरी २.८ बार धरू. सातातून वजा करून ४.२ उरतात. कमी दाबावर चालणारा आरओ मेंब्रेन एका बारला, एका चौरस मीटरमधून, ताशी साधारण ४ लिटर देतो. अडीच इंच व्यासाच्या, चाळीस इंच लांबीच्या २५४० एलिमेंटचं (मेंब्रेनच्या तयार गुंडाळीचं) क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस मीटर. ४.२ × ४ × २.६ म्हणजे ताशी ४४ लिटर. मेंब्रेन थोडा माखल्यावर ४० राहतील. एवढं गणित आलं की पॅनेलला कळतं, माणसाने नळ जोडून पाहिलेला आहे.

यात एक खोड आहे आणि ती बहुतेक अर्जांत सुटते. एका एलिमेंटवर १५ टक्क्यांच्या वर रिकव्हरी ओढली की आडवा प्रवाह मंदावतो आणि खपली धरते. मग ३० टक्के कसे गाठायचे? रिजेक्ट पाण्याचा (मेंब्रेनने मागे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याचा) काही भाग पुन्हा पंपाच्या तोंडाशी फिरवायचा. विहिरीतून ताशी १३३ लिटर घ्या, फिरवलेले १३४ त्यात मिळवा, मेंब्रेनवर २६७ जातील. ४० गोडे निघतात, ९३ बाहेर सोडायचे, १३४ परत. रिजेक्टच्या दोन्ही फांद्यांवर सुई व्हॉल्व्ह आणि प्रवाह दाखवणारा रोटामीटर लावला नाही तर हे आकडे कधीच जुळत नाहीत.

आता खरा प्रश्न: यात नवं काय? आरओ तर बाजारात मिळतो. 'आमचं यंत्र स्वस्त आहे' हे उत्तर नव्हे. नवेपणा मोजता आला पाहिजे. आपल्या उदाहरणात तो असा मांडता येतो: विहिरीत तीन खोल्यांवर वाहकता मोजायची, आणि त्यावरून पंपाचं तोंड त्या घडीला सर्वांत गोड्या थरात ठेवायचं, म्हणजे मेंब्रेनवरचा क्षारांचा भार कमी होऊन तेवढ्याच विजेत जास्त पाणी मिळेल. तुलना तयारच असते: तीच विहीर, तोच मेंब्रेन, एक आठवडा तोंड तळाला, एक आठवडा सेन्सरच्या सांगण्यावर. याआधी कोणी असं केलंय का, हे भारतीय पेटंट कार्यालयाच्या मोफत शोधयंत्रावर आणि युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेटवर पाहा. सापडलं तर लपवू नका. त्यांच्याहून वेगळं काय करता, ते लिहा. परीक्षकाला ते तुमच्याआधी सापडतं.

सेन्सर: बिघडतो कुठे

वाहकतेचा सेन्सर म्हणजे पाण्यात ठेवलेले दोन किंवा चार इलेक्ट्रोड. त्यांना बॅटरीचा सरळ डीसी दिला की पाण्याचं विघटन सुरू होतं, इलेक्ट्रोडवर बुडबुडे धरतात आणि आकडा घसरत जातो. एक किलोहर्ट्झच्या आसपासचा एसी द्या, आणि तोही मोजण्यापुरता. खाऱ्या पाण्यात चार इलेक्ट्रोडची रचना बरी. दोन मोजतात, दोन प्रवाह देतात, त्यामुळे शेवाळाचा परिणाम कमी होतो. ३१६ स्टेनलेस स्टीललाही क्लोराइडमुळे खड्डे पडतात, म्हणून ग्राफाइट किंवा टायटॅनियम वापरा. हौशी बाजारात मिळणारी टीडीएस सेन्सरची पाटी (सर्किट बोर्ड) बहुधा १,००० पीपीएमपर्यंतच (लिटरला १,००० मिलीग्रॅम) मोजते. एप्रिलमध्ये ती सरळ रेषा काढत बसते आणि ग्राफ पाहून वाटतं, विहीर किती स्थिर आहे!

तापमानाचा सेन्सर त्याच प्रोबमध्ये हवाच. दर अंशाला वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. दुपारी वरचं पाणी पाच अंशांनी तापलं तर दहा टक्के खारटपणा वाढल्यासारखा दिसतो, आणि पंपाचं तोंड विनाकारण खाली जातं.

तीन प्रोब एकाच पाण्यात आणि एकाच सर्किटवर ठेवले की ते एकमेकांचा प्रवाह पकडतात. बाहेर बादलीत एकेकटा बरोबर, विहिरीत तिन्ही चुकीचे, अशी तक्रार आली तर कारण हेच. एका वेळी एकाच प्रोबला वीज द्या, बाकीचे रिलेने पूर्ण तोडा, मोजणाऱ्या भागाचा ग्राउंड वेगळा ठेवा.

आता पेटी. कोकणात इलेक्ट्रॉनिक्स मारतं ते पाणी नव्हे, दमट हवा. घट्ट बंद केलेली पेटी दुपारी तापते, संध्याकाळच्या पहिल्या सरीने थंड होते आणि आतला दाब पडल्यामुळे केबलच्या बाजूने ओली, खारी हवा आत ओढते. महिनाभरात तांबं हिरवं. उपाय म्हणजे पेटीला श्वास घेऊ द्यायचा: वाफ आणि हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा टेफ्लॉनचा व्हेंट प्लग बसवा, पाटीवर कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) द्या, केबल ग्लँड (केबल आत घेणारं घट्ट बूच) खालच्या बाजूला घ्या आणि केबलला आत जाण्याआधी एक झोल सोडा, म्हणजे थेंब झोलावरून गळेल. एपॉक्सी ओतताना केबलचं वरचं आवरण दोन सेंटिमीटर सोलून आतल्या तारा सुट्या बुडवा. नाहीतर पाणी आवरणाच्या आतून वातीसारखं चढतं.

कोळंबीच्या तळ्यातला प्राणवायूचा सेन्सर करणार असाल तर एक वेगळा सापळा आहे. गॅल्व्हॅनिक प्रोबच्या तोंडाशी टेफ्लॉनचा पातळ पडदा असतो. त्यावर शेवाळ आलं की आकडा कमी दिसतो आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) रात्रभर फिरत राहतात. तळ्यातली खारटपणाची दुरुस्ती विसरली तर उलटी चूक होते. ३० अंशांना गोड्या पाण्यात पूर्ण विरघळलेला प्राणवायू लिटरला सुमारे ७.६ मिलीग्रॅम, समुद्राच्या पाण्यात ६.२. म्हणजे मीटर ५ दाखवत असताना कोळंबी चारावर आलेली असते, आणि हे घडतं पहाटे, जेव्हा कोणी जागं नसतं. शून्य तपासायला सोडियम सल्फाइटचं ताजं द्रावण, शंभर टक्के तपासायला ओल्या फडक्यावरची हवा.

मेंब्रेन: विकत घ्या की करा?

तुमचा नवेपणा सेन्सरमध्ये असेल तर मेंब्रेन विकत घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांचे, आणि पुढे चला. मेंब्रेनच नवा करायचा असेल तर आधी अल्ट्राफिल्ट्रेशनपासून (आरओपेक्षा मोठ्या छिद्रांच्या मेंब्रेनपासून) सुरुवात करा. आरओचा थर (पाण्यात दोन टक्के एमपीडी, त्यावर हेक्सेनमधलं ०.१ टक्का टीएमसी, या दोन रसायनांच्या संयोगातून बनणारा) याच आधारावर चढतो, म्हणून आधार चुकला तर वरचं सगळं चुकतं.

चाचणीपुरतं द्रावण असं: पॉलिइथरसल्फोन १६ ग्रॅम, पीव्हीपी हे दुसरं पॉलिमर ४ ग्रॅम, एनएमपी हे द्रावक ८० ग्रॅम. दोन्ही पॉलिमर ८० अंशांवर रात्रभर सुकवा, मंद आचेवर ढवळून मिसळा, मग बुडबुडे जाईपर्यंत झाकून ठेवा, किमान १२ तास. काचेवर २०० मायक्रॉन फटीच्या सुरीने एका हाताने, न थांबता ओढा आणि काच तशीच पाण्यात बुडवा. पापुद्रा पांढरा होत सुटून येतो. एक दिवस पाणी बदलत ठेवा.

हीच कृती पुण्यात जमते आणि रत्नागिरीत जुलैमध्ये फसते, याचं कारण हवेतच आहे. काचेवर ओढलेला थर हवेतली वाफ शोषतो आणि पाण्यात जायच्या आधीच जमायला लागतो. चमकदार दिसायला हवी ती बाजू धुरकट होते, वरची छिद्रं मोठी होतात, अडवायचे कण निसटतात. ओढल्यापासून बुडवेपर्यंतचे सेकंद मोजा आणि दर वेळी तेवढेच ठेवा. आर्द्रता मोजून वहीत लिहा. सिलिका जेल ठेवलेल्या काचेच्या पेटीत किंवा डीह्युमिडिफायर लावलेल्या खोलीत काम करा. ते जमत नसेल तर कास्टिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका, पावसाळा चाचण्यांना ठेवा. एनएमपी गर्भाला घातक आहे: ब्यूटाइल रबराचे हातमोजे, खेळती हवा, आणि बुडवायचं पाणी विहिरीकडे किंवा पऱ्याकडे (ओहोळाकडे) सोडायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवून अधिकृत विल्हेवाटीला द्या.

एका चकतीचा निकाल निकाल नव्हे. तीन वेगवेगळ्या दिवशी ओढलेल्या पापुद्र्यांतून प्रत्येकी तीन चकत्या, अशा नऊ. आधी चाचणीच्या दीडपट दाबावर अर्धा-एक तास चालवून चकती दाबून घ्या, मग मोजा. चकतीचं मोकळं क्षेत्र १४ चौरस सेंटिमीटर आणि दहा मिनिटांत ३५ मिलिलिटर पाणी निघालं, तर ताशी ०.२१ लिटर भागिले ०.००१४ चौरस मीटर, म्हणजे एका चौरस मीटरमधून ताशी १५० लिटर. नऊ आकड्यांची सरासरी आणि पसारा दोन्ही द्या. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो किंवा पृष्ठभागाच्या चाचण्या लागल्या तर आय-स्टेम पोर्टलवर सरकारी संस्थांची उपकरणं तासाच्या दराने बुक करता येतात. स्वतः विकत घ्यायचं उपकरण अर्जात लिहू नका.

बोंडूच्या रसावर काम करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: रसातलं टॅनिन पॉलिइथरसल्फोनला चिकटून बसतं आणि अर्ध्या तासात गाळण मंदावते. जिलेटिनने टॅनिन आधी बसवा, किंवा सेल्युलोजचा मेंब्रेन घ्या.

विहिरीवर बसवल्यावर

जांभ्याच्या विहिरीत तळाशी लोह विरघळलेलं असतं. पाणी पंपातून हवेला लागलं की ते तांबूस गाळ होऊन मेंब्रेनवर बसतं. टाकीत पाणी उंचावरून पाडून हवा द्या, वाळूतून गाळा, मग पाच मायक्रॉनचं कार्ट्रिज, मग मेंब्रेन. कार्ट्रिज आठवड्यात नारिंगी झालं तर वाळूची गाळणी अपुरी आहे.

दुसरा शत्रू ग्रामपंचायतीचा टीसीएल पावडरचा (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडरचा) डबा. पॉलिअमाइडचा आरओ मेंब्रेन क्लोरीन सहन करत नाही, लिटरला ०.१ मिलीग्रॅमच्या आत ठेवावं लागतं. पाणी कर्मचाऱ्याने सकाळी पावडर टाकली आणि तुमचा पंप दुपारी चालला, तर नुकसान भरून निघत नाही. कार्बन फिल्टर लावा किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट सोडा, एका मिलीग्रॅम क्लोरीनला व्यवहारात तीन मिलीग्रॅम. आणि पावडर कधी टाकणार, हे त्या कर्मचाऱ्याला विचारून ठेवा. हा उपाय सगळ्यात स्वस्त.

लक्षणांवरून रोग असा ओळखा. पाणी कमी, पण गोडी कायम: मेंब्रेन माखला आहे, लोह किंवा खपलीसाठी दोन टक्के सायट्रिक आम्ल, शेवाळासाठी पीएच ११ च्या आसपास कॉस्टिक. पाणी वाढलं आणि खारटही झालं: क्लोरीनने खाल्लाय, बदला. पाणी तेवढंच पण अचानक खारट: बहुधा ओ-रिंग पिळली आहे. ओ-रिंगला ग्लिसरीन लावा, व्हॅसलीन नको, रबर फुगतं. चार दिवस वीज गेली किंवा यंत्र बंद राहिलं तर आधी गोड्या पाण्याने धुवा. आठवड्यापेक्षा जास्त बंद राहणार असेल तर एक टक्का मेटाबायसल्फाइटमध्ये ठेवा.

रिजेक्ट पाणी परत विहिरीत जाता कामा नये, हे सांगायला नको, पण जांभा सच्छिद्र असतो. दहा फुटांवर सोडलेलं पाणीही परत येतं. माड थोडं मचूळ सोसतो, पोफळ सोसत नाही. उताराच्या खालच्या अंगाला, खाडीच्या बाजूला पाइप न्या. विहीर मालकाची लेखी संमती आणि सार्वजनिक विहीर असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव अर्जासोबतच जोडा. पिण्यायोग्य असा शब्द वापरायचा असेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा अहवाल हवा. तोवर 'गोडं केलेलं पाणी' एवढंच लिहा.

पैसे आल्यावर

मंजुरीच्या तारखेआधीचं एकही बिल धरलं जात नाही. प्रकल्पाला वेगळं बँक खातं ठेवा. त्यावर मिळालेलं व्याज तुमचं नसतं, ते सरकारला परत जातं. रोखीने खर्च करू नका. पुढच्या हप्त्यासाठी जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-ए या नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र आणि सीएने तपासलेला खर्चाचा तक्ता लागतो. हे मार्चअखेर सगळ्यांना एकदमच आठवतं, म्हणून सीएला फेब्रुवारीतच कागद द्या.

दहा लाखांचा अंदाजे हिशेब असा बसतो: सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स १.६ लाख, मेंब्रेन, हाउसिंग, पंप आणि नळ २.२, रसायनं व कार्ट्रिज १.२, सांगाडा व फॅब्रिकेशन १.३, प्रयोगशाळा चाचण्या १, बाहेरून करून घ्यायचं डिझाइन १.२, प्रवास ०.७, आकस्मिक ०.८. किमती जीएसटी धरून लिहा. १८ टक्के विसरले की पंपाच्या वेळी खड्डा पडतो. एका शीर्षकातला पैसा दुसऱ्यात वळवायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, नंतर स्पष्टीकरण नको. आणि सुटे भाग दुप्पट धरा: मे महिन्यात वीज पडून कंट्रोलर गेला आणि नवा यायला पंधरा दिवस लागले, तर तो उन्हाळा गेला. सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग हा खर्च पहिल्याच महिन्यात करा. जांभ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं.

नमुना चालू लागला की तो प्रदर्शनात मांडायची घाई होते. महाराष्ट्र स्टार्टअप वीकसारख्या स्पर्धेत जिंकणाऱ्यांना सरकारी खात्यांकडून प्रायोगिक कामाचे आदेश मिळतात, तेव्हा जाणं फायद्याचंच. पण त्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करा: स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये, आणि पूर्ण मसुदा द्यायला १२ महिने मिळतात. ते १२ महिनेही उन्हाळा धरून मोजा. मेमधल्या चाचणीचे आकडे पूर्ण मसुद्यात यायला हवे असतील, तर आधीच्या जूननंतर दाखल केलेला अर्ज सोयीचा पडतो. फेब्रुवारीत दाखल केला तर पुढच्या फेब्रुवारीत मसुदा द्यावा लागेल, आणि त्या दुसऱ्या उन्हाळ्याचे आकडे बाहेरच राहतील.